आरोग्याचा पाठ : गरोदर मातेची जीवनसत्त्वे आणि बाळाची रोगप्रतिकारशक्ती



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या मात्रा यांचे बोलतो. या वेळी विषय निराळा आहे. विषय बायकांचा दिसतो म्हणून पान उलटू नका. घरात दूध किती ठेवायचे आणि डेअरीला किती घालायचे हे आपण पुरुष ठरवतो, तेव्हा हा पाठ आपणच आधी वाचलेला बरा.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे दोन महिने बाळकुमला राहिलो. लेकीला नोकरीमुळे माहेरी येणे जमेना, तेव्हा माहेरच तिच्याकडे गेले म्हणा. बाळकुम म्हणजे ठाण्याच्या अंगाला उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले जुने गाव. कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे भिवंडीचा रस्ता लागतो. जुन्या आगरी-कोळी घरांच्या भोवती आता उंचच उंच इमारती उठल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत चौदाव्या मजल्यावर लेकीचे बिऱ्हाड आहे. दोघे कमावते, घरात कशाला कमी नाही. तरीही पाचव्या महिन्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ आणि ब-१२ हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले होते.

आम्ही गेल्यावर पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरबाईंनी लेकीला विचारले, "लहानपणी दूध किती प्यायचीस?" लेक माझ्याकडे पाहू लागली. मी काय सांगणार? आमच्या घरी माळ आहे, मासळी-अंडी वर्ज्य. गोठ्यात दोन म्हशी होत्या, पण दूध सकाळ-संध्याकाळ किटलीतून डेअरीला जायचे. थोरल्याला शाळेत जायचे म्हणून कपभर मिळे. मुलींच्या वाट्याला चहापुरते. दुधाच्या बिलातून मी तिच्या शिक्षणाची फी भरली ही गोष्ट खरी, पण तिच्या रक्तात काय भरले नाही ते मला तीस वर्षांनी एका कागदावर वाचावे लागले.

त्या दोन महिन्यांत डॉक्टरबाईंना विचारून आणि नंतर वाचून जे समजले ते सभासदांसाठी लिहीत आहे.

आधी गोठ्यातून सुरुवात करू, म्हणजे समजायला सोपे जाईल. गाय व्याली की वासराला चीक पाजायचा हे आपल्याला ठाऊक आहे. काही जण अजूनही जार पडेपर्यंत थांबतात, ते चूक आहे. पहिल्या तास-दोन तासांतच वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा असे पशुवैद्य सांगतात. कारण असे की गाई-म्हशींच्या जारेतून रोगाशी लढणारे घटक, ज्यांना प्रतिपिंडे म्हणतात, ते वासरात उतरत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याची पाटी याबाबतीत कोरी असते. जे मिळायचे ते चिकातूनच, आणि तेही पहिल्या दिवसातच. पुढे आतड्याची दारे बंद होतात.

माणसाचे तसे नाही. बाईच्या वारेतून प्रतिपिंडे पोटातल्या बाळाला थेट पोचतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ही वाट सुरू होते, पण खरी भरती होते ती शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त असतात. आईला कधीकाळी गोवर झाला असेल, तिने धनुर्वाताची लस घेतली असेल, तर त्याची शिदोरी बाळाला मिळते. ही शिदोरी हळूहळू संपत जाते. पहिले काही महिने बाळ तिच्यावरच काढते आणि तोवर त्याच्या स्वतःच्या लसी सुरू होतात. सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाला मात्र भरतीच्या ऐन वेळी वाट तुटल्यामुळे अपुरी शिदोरी घेऊन यावे लागते. आईचा चीक बाळालाही हवाच. त्यात वेगळ्या जातीची प्रतिपिंडे असतात, ती बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी राखतात. पहिल्या तासात अंगावर पाजावे. त्याआधी मध, गुटी, गुळाचे पाणी काही नको. (आपण साखर-गूळवाले, म्हणून मुद्दाम सांगतो. बाळाचे तोंड गोड करायला आपला माल वापरू नये!)

आता जीवनसत्त्वांचा यात संबंध काय?

बाळाचे स्वतःचे सैन्य पोटातच तयार होत असते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. पांढऱ्या पेशींतल्या एका मोठ्या पलटणीची तालीम तिथे चालते, आणि ती तालीम गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच सुरू होते. पलटण वाढवायची म्हणजे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार व्हायला हव्यात. पेशी दुभंगताना तिच्या आतला वंशसूत्रांचा आराखडा पुन्हा लिहावा लागतो, आणि त्या लिखाणाला फॉलिक अॅसिड व ब-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात. ही कमी पडली की रक्त तयार होण्याचे कामही अडते. अ जीवनसत्त्व कातडी, डोळे, फुप्फुस आणि आतड्याचे अस्तर घडवायला लागते, म्हणजे रोग शिरण्याच्या दारांवरचे पहारे. ड जीवनसत्त्वाने हाडे तर होतातच, पांढऱ्या पेशींनाही त्याचा उपयोग होतो. जस्त आणि लोह ही जीवनसत्त्वे नव्हेत, खनिजे आहेत, पण काम याच खात्यात. पोटात वाढ खुंटलेल्या, कमी वजनाच्या बाळाची थायमस ग्रंथीही लहान असते.

फॉलिक अॅसिडचा शोध लागण्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी काम केले. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्याचे कारण त्या शोधत होत्या. जंतू सापडेना. मग त्या बाया काय खातात ते त्यांनी पाहिले आणि तसाच निकस आहार प्राण्यांना घालून पाहिला. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या 'मार्माइट' नावाच्या स्वस्त चाटणाने, या बाया भराभर सुधारतात हे त्यांनी १९३१ साली छापून सिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि त्याचे नाव फॉलिक अॅसिड पडले. आज सरकारी दवाखान्यात जी गोळी फुकट मिळते तिच्या मुळाशी परळच्या त्या बाया आहेत.

दुसरे काम पुण्याकडचे, आणि ते तर आपल्यासारख्याच शेतकरी कुटुंबांत झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची नोंद ठेवली. काय खाल्ले, शेतात किती राबल्या, बाळ किती वजनाचे झाले, सगळे लिहिले. बाळांचे सरासरी वजन निघाले पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडातल्या बाळांचे साडेतीन किलो. आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. ज्या बाया पालेभाजी, फळे आणि दूध जास्त खात होत्या त्यांची बाळे भरली. आणि खरी गंमत रक्ताच्या तपासणीत निघाली. फॉलिक अॅसिडची कमतरता जवळजवळ कुणालाच नव्हती, पण ब-१२ मात्र तीनांपैकी दोघींत कमी. गोळी पोचली होती, पालेभाजी होती, पण दूध पोटात गेले नव्हते.

पुढे ही मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा असे आढळले, की आईच्या रक्तात फॉलिक अॅसिड भरपूर आणि ब-१२ तुटपुंजे असे ज्यांचे होते, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनचे काम जास्त अडखळत होते. म्हणजे पुढे मधुमेहाची वाट. आपण नत्र ओतत राहिलो आणि स्फुरद-पालाश दिलेच नाही तर ऊस नुसता हिरवागार दिसतो, पण कांडी भरत नाही, तसाच हा प्रकार. बाईला शेताची उपमा देणे मला स्वतःला आवडत नाही, पण या पानाचे वाचक खताच्या भाषेत चटकन समजतात म्हणून दिली. यावरून कुणी लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करू नयेत! गोळी चालूच ठेवायची, तिच्या जोडीला ब-१२ ची सोय करायची, एवढाच अर्थ.

ब-१२ कोणत्याही धान्यात, भाजीत, फळात मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासळी आणि मांस यांत मिळते. गरोदर बाईला दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतके ते थोडे. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर मिळते. बाळकुमला आमच्या शेजारची म्हातारी, जुन्या गावातली, मला म्हणाली, "आमच्याकडे बाळंतिणीला सुकी मासळी चुकत नाय." तिने हे पुस्तकात वाचलेले नाही, पण हिशेब तिचा बरोबर आहे. खाडीकाठच्या गरिबाच्या घरात ते जीवनसत्त्व पोचत होते आणि दोन म्हशींच्या धन्याच्या घरात पोचत नव्हते. माळकरी घरांनी मासळी खावी असे मी म्हणत नाही, आम्हीही सुरू केली नाही. पण मग दूध-दही तरी बाईच्या ताटात पडले पाहिजे, आणि रक्तात कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन घेतले पाहिजे. लेकीला इंजेक्शनेच घ्यावी लागली.

बांगलादेशात एक प्रयोग झाला. गरोदर बायांना रोज ब-१२ ची मोठी गोळी दिली आणि फ्लूची लसही टोचली. गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात व चिकात त्या रोगाची प्रतिपिंडे अधिक आढळली. आईचे आणि बाळाचे ब-१२ दोन्ही वाढले. मात्र लसीला मिळालेली जास्तीची साथ आईपुरतीच दिसली, बाळाच्या स्वतःच्या रक्तात नाही. असे काही वाचले की आपण लगेच "गोळी घेतली की बाळाला आजारच नाही" असा अर्थ काढतो. तसे नाही. पंधरा जीवनसत्त्वे-खनिजे एकत्र असलेली गोळी अनेक गरीब देशांत देऊन पाहिली. नुसत्या लोह-फॉलिकच्या तुलनेत कमी वजनाची बाळे शेकडा बाराच्या आसपास कमी झाली. चांगलाच फायदा, पण जादू नव्हे. बांगलादेशातल्याच मतलब भागात तिसऱ्या महिन्याच्या आतच पूरक अन्न सुरू केले आणि जोडीला ही गोळी दिली, तेव्हा बालमृत्यू नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले. अन्न आणि गोळी एकत्र, आणि तेही लवकर, हे त्यातले मर्म आहे.

वेळेचे म्हणाल तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला प्रयोगही तेच सांगतो. तिथे डॉ. रमेश पोतदार व सहकाऱ्यांनी बायांना दिवस राहण्याआधीपासूनच पालेभाजी, सुकी फळे आणि दुधाची पावडर घालून केलेला पदार्थ रोज खायला दिला. ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाल्ला त्यांच्या बाळांच्या वजनात वाढ दिसली. उशिरा सुरू करणाऱ्यांत ती दिसली नाही, आणि अगदी कृश बायांतही नाही. मुळातच वाळलेल्या अंगाला तीन महिन्यांचा खाऊ पुरत नाही. सुपर फॉस्फेट लागणीच्या वेळी सरीत पडले तर कामाचे, मोठ्या बांधणीनंतर वर फेकून काय उपयोग? सून चौथ्या महिन्यात दवाखान्यात नेली म्हणजे आपण लवकर नेली असे समजतो. फॉलिक अॅसिडचे एक काम, बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी मिटवण्याचे, पहिल्या चार आठवड्यांतच संपलेले असते. तेव्हा तर बाईला दिवस गेल्याचेही नीट ठाऊक नसते.

जास्त दिले म्हणजे जास्त चांगले, हेही खरे नाही. अ जीवनसत्त्व शरीरात साठते. सुरुवातीच्या महिन्यांत रोज दहा हजार युनिटांच्या वर गोळीतून गेले तर गर्भाला व्यंग होण्याचा धोका असतो. गाजर, भोपळा, शेवगा, पालेभाज्या पाहिजे तितक्या खाव्यात, त्यांतून असा धोका नाही. ड जीवनसत्त्वाबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण चौदाव्या मजल्यावरून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जाणाऱ्या माझ्या लेकीला ऊन लागतच नव्हते, तेव्हा डॉक्टरबाईंनी दुपारच्या आत गच्चीवर पंधरा-वीस मिनिटे बसायला सांगितले. आपल्याकडच्या बायांना उन्हाची कमी नाही. सावलीची आहे.

सरकारी दवाखान्यात काय मिळते तेही लिहून ठेवतो. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिकची गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. चहाबरोबरही लोहाची गोळी घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू बरोबर असेल तर उत्तम. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी. धनुर्वात-घटसर्पाची लस. गोळीने शौच काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. "गोळीने बाळ काळे होते" ही समजूत माझ्या घरातही होती. थोरल्या सुनेच्या वेळी गोळ्यांची पाकिटे देव्हाऱ्याखालच्या फडताळात तशीच सापडली आणि तेव्हा मी काही बोललो नाही. गुळात लोह असते म्हणून गूळ-शेंगदाणे खाऊन भागेल असेही कोणी समजू नये. खावेत जरूर, पण गुळातले लोह थोडे आणि अंगी लागणारे त्याहून थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांत रक्त कमी आढळले आहे, आणि गूळ करणारे राज्य म्हणून आपण काही मागे नाही.

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या घरच्या बाईचे झाले. आपल्या फडातल्या बाईचे काय?

हंगाम सुरू झाला की बीड, नगर, जालन्याकडून टोळ्या येतात. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. बाई पोटुशी असली तरी उचल फिटायची असते, म्हणून ती पहाटे फडात उभी राहते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. गावी असती तर आशाताईने गोळ्या दिल्या असत्या, अंगणवाडीचा आहार मिळाला असता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडला की ती त्या गावच्या यादीतून जाते आणि आपल्या गावच्या यादीत येत नाही. आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे प्रतिपिंडांची भरती व्हायचे शेवटचे तीन महिने कित्येकींचे कोपीतच जातात.

आफ्रिकेत गांबिया देशातल्या केनेबा भागातली एक नोंद १९९७ साली प्रसिद्ध झाली. तिथे कणग्या रिकाम्या असण्याच्या आणि शेतकामाच्या ऐन दिवसांत जन्मलेली मुले लहानपणी इतरांसारखीच वाटली. पण पंधरा वर्षांपुढे त्यांच्यात अकाली मृत्यू कितीतरी अधिक निघाले, आणि बरेचसे संसर्गाच्या रोगांनी. बांगलादेशात तसाच शोध घेतला तेव्हा असा फरक आढळला नाही, म्हणून तो सगळीकडचा नियम म्हणता येत नाही. तरी वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून आमच्या मळ्यातली ती कोपी हलत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या विहिरीच्या अंगाला उतरलेल्या टोळीत एक बाई आठव्या महिन्यातच रात्री बाळंत झाली. बाळ दोन्ही तळहातांत मावेल एवढे. माझ्या घरातून दूध आणि जुनी लुगडी गेली. पाचव्या दिवशी ती उन्हात मोळ्या मोजत बसलेली दिसली. आठवड्याने फड संपला, टोळी दुसऱ्या गटात गेली. त्या बाळाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, आणि मी विचारलेही नाही.

तोड आली की आपण मुकादमाला एवढेच विचारतो, किती कोयते आणलेस? त्याच वेळी विचारावे, टोळीत गरोदर कोण, कितवा महिना, आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर आहे का. हे कार्ड कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येते, गावची अट नाही. कार्ड नसले तरी तपासायला नकार देता येत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी डॉक्टर फुकट करतात. त्या दिवशी ट्रॅक्टर किंवा जीप कुणाची तरी गावात जातच असते. आपल्या चिटबॉयकडे प्रत्येक टोळीचा पत्ता असतो. फडात उसाची नोंद करतानाच त्याने गरोदर बायांची नावे आशाताईला कळवली तर तिला फडफड हिंडायला नको. माझ्या गटात शेतकी अधिकाऱ्यांशी मी हे बोललो आहे आणि येत्या हंगामापासून करून पाहू असे ते म्हणाले आहेत. इतर गटांतील सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात बोलावे.

लेकीला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, दोन किलो आठशे ग्रॅम. आता तिच्या लसी चालू आहेत. आणि आमच्या घरी संध्याकाळच्या धारेचे दूध डेअरीला जात नाही. बिल तेवढे कमी येते.